वाळवंटातील कुरणाची माती

राजस्थानात जैसलमेरच्या पश्चिमेस पसरलेल्या वालुकामय माळावर सेवण नावाचे गवत उगवते. तेथे वर्षाकाठी सरासरीने २०० मिलिमीटर पाऊसही पडत नाही. तरी गाई, मेंढ्या व उंट पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर पोसले गेले आहेत.

या मातीत चुना मुबलक असतो. कोकणातील मुसळधार पाऊस जमिनीतला चुना धुऊन नेतो व तेथील तांबडी माती आम्लधर्मी होते. वाळवंटात मात्र पावसाचे पाणी थोडे खाली मुरते न मुरते तोच आटून जाते. त्याच्याबरोबर उतरलेला चुना तेथेच साचून त्याचे कठीण खडे बनतात. त्यांना कंकर म्हणतात. चुन्यामुळे माती अल्कधर्मी बनते. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. या मातीचा ८ च्याही पुढे जातो. अशा मातीतील स्फुरद, लोह व जस्त सहज विरघळत नाहीत. घरात धान्य असावे, पण कोठाराला कुलूप असावे, तशी मुळांची स्थिती होते!

कुजलेल्या मुळांचे जे थोडे खत वरच्या थरात असते, तेवढीच या मातीची श्रीमंती. सेवणाच्या मुळांचे दाट जाळे तिला धरून ठेवते. नांगराने ते जाळे तुटले, की उन्हाळ्यातील वारे तो थर उडवून नेतात.

मग गवत पुन्हा लावावे लागते. सेवणाचे बी फार हलके असते. म्हणून चिकणमाती, शेण व वाळू यांत ते कालवून गोळ्या करतात आणि पावसाच्या तोंडावर पेरतात.