काचमण्यांचे मूळ गाव

उत्खननात सापडणारा प्राचीन काचमणी बहुतेक वेळा ज्वारीच्या दाण्याएवढा, कधी त्याहूनही बारीक असतो. माती बारीक चाळणीतून चाळली नाही, तर तो मातीच्या ढिगाऱ्याबरोबर सरळ बाहेर फेकला जातो. त्यामुळे एखाद्या जुन्या अहवालात मणी थोडे नोंदले आहेत, एवढ्यावरून तिथला व्यापार बेताचा होता असे ठरवणे चुकीचे आहे. चाळणी कोणती वापरली होती, हे आधी विचारावे लागते.

मणी जिथे सापडला तिथेच तो घडला, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. ज्यांना अभ्यासक ‘इंडो-पॅसिफिक मणी’ म्हणतात, ते एकरंगी बारीक मणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून कोरिया-जपानपर्यंत मिळतात. शिवाय एकाच मण्याला तीन पत्ते असू शकतात: काच वितळवली ते ठिकाण, तिचा मणी झाला ते ठिकाण आणि मणी हरवला किंवा पुरला गेला ते ठिकाण. श्रीलंकेत गिरिबावा येथे कच्ची काच तयार होत असे, तर पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूत मणी घडत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच आणि मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचाही उल्लेख आहे. म्हणजे काच न घडवताही गावोगाव फिरत होती.

याच उल्लेखावरून दुसरी समजूत निघते, की भारतात चांगली काच रोमनांकडूनच आली. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये अरिकामेडूला उत्खनन केले, तेव्हा तिथल्या भूमध्यसागरी खापरांचा बराच गाजावाजा झाला. त्या प्रकाशात मणीही रोमन वाटू लागले. रसायन मात्र वेगळे सांगते. रोमन काचेत इजिप्तचा नेट्रॉन हा खनिज सोडा वापरला जाई आणि तिच्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) कमी असे. दक्षिण भारत-श्रीलंकेतील काच स्थानिक वाळू आणि खनिज सोडा यांची, आणि तिच्यात ॲल्युमिना भरपूर. रोमन लेखक प्लिनीने तर भारतीय काचेला तोड नाही, असे मत नोंदवले आहे. ती फुटक्या स्फटिकांपासून बनते हे त्याने दिलेले कारण चुकीचे, पण लौकिकाची साक्ष म्हणून ते मोलाचे आहे.

घडवण्याची रीतही इथलीच. आंध्र प्रदेशातील पापनायडुपेट येथे ती अलीकडेपर्यंत चालू होती. ‘लाडा’ नावाच्या लांब पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर मऊ काचेचा शंकूसारखा मोठा गोळा धरतात, त्याला आरपार पोकळी करतात आणि भट्टीच्या दुसऱ्या बाजूच्या भोकातून आकडीने काच ओढत राहतात. काच लांबत जाते, पण पोकळी टिकते. या बारीक नळीचे तुकडे राखेत घोळवून पुन्हा तापवले की कडा गोल होतात. राखेमुळे भोके बुजत नाहीत आणि मणी एकमेकांना चिकटत नाहीत.

ही रीत भिंगाखाली ओळखता येते. ओढलेल्या मण्यात हवेचे बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबलेले असतात, सळईभोवती गुंडाळलेल्या मण्यात ते भोकाभोवती वळतात. मात्र रंगावरून वय किंवा गाव सांगणारा जाणकार फसण्याचीच शक्यता जास्त. विटकरी लाल मणी शतकानुशतके जवळजवळ त्याच रूपात बनत राहिले. पृष्ठभागावरची इंद्रधनुषी झाकही नुसत्या वयाची खूण नव्हे. ती बरीचशी मातीच्या ओलाव्यावर आणि क्षारांवर अवलंबून असते.

म्हणून प्रयोगशाळा लागते. लेसरने डोळ्यांना न दिसणारा खड्डा पाडून उडालेल्या कणांतील मूलद्रव्ये मोजतात. मणी शाबूत राहतो. रायगड जिल्ह्यातील चौल बंदराचे उदाहरण याबाबत बोलके आहे. तिथल्या आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मण्यांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे युरेनियम जास्त आणि बेरियम कमी असलेली काच आढळली. दक्षिण भारत-श्रीलंकेतील जुन्या काचेत प्रमाण नेमके उलटे असते. कोकण आणि आफ्रिका यांचा व्यापार असा काचेतूनच वाचता आला. तरीही मण्यांचा कारखाना चौललाच होता, असे यावरून सिद्ध होत नाही. काच जुळली म्हणजे कच्च्या मालाचा प्रदेश जुळला, कारागिराचे गाव नव्हे.

आफ्रिका केवळ गिऱ्हाईक होती, हेही खरे नाही. दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वे या प्राचीन स्थळाजवळच्या ‘के-टू’ वस्तीत आयात केलेले बारीक मणी वितळवून मातीच्या साच्यात मोठे, जाडजूड मणी ओतले जात. नायजेरियातील इले-इफे येथे तर अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान स्वतंत्र घडणीची, चुना आणि ॲल्युमिना दोन्ही जास्त असलेली काच मुळापासून बनत होती.

शेतात किंवा नदीकाठी मिळालेला मणी उचलणाऱ्याच्या मालकीचा होतो, हा समज कायद्यालाही धरून नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि मणी खिशात गेला, की त्याच थरातील कोळसा, खापरे आणि नाणी यांच्याशी असलेला त्याचा संबंध तुटतो. त्याचा काळ मुख्यतः याच गोष्टींवरून ठरतो. काचेचे पृथक्करण तेवढ्या नेमकेपणाने तो सांगू शकत नाही.