सहा हजार आरपीएमला पेट्रोल का पुरत नाही?

केंदूरला ठिबकची मोटर चालू केली की बांधाजवळच्या ओळीला पाणी व्यवस्थित मिळतं, लांबची ओळ मात्र रडत असते. त्यात व्होल्टेज पडलं की ती जवळजवळ कोरडीच. केंदूर-पाबळ पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. सुपरचार्जर बसवलेल्या इंजिनात तेच घडत असताना मला मात्र ते ओळखायला तीन आठवडे लागले. त्या चुकीबद्दल लिहितोय, कारण प्रयोगात अशी चूक तुमच्याही वाट्याला येऊ शकते, आणि आमच्या बाबतीत एक पिस्टन जाता जाता वाचला.

आधी मूळ प्रश्न. सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. मर्सिडीजच्या सी २०० कॉम्प्रेसरमध्ये १.८ लिटरच्या इंजिनावर असाच, रूट्स पद्धतीचा पंप होता. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून बनणाऱ्या जीप कंपासचं १.४ लिटर पेट्रोल इंजिन टर्बोवालं. तिथे पंप पट्ट्याऐवजी धुराच्या जोरावर फिरतो. हवा कोंबायची पद्धत वेगळी असली तरी इंधनाच्या बाजूची डोकेदुखी बरीचशी सारखीच.

आमचं इंजिन १.८ लिटरचं, चार सिलिंडर. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० आवर्तनं, म्हणजे ५४०० लिटर जागा. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४८६० लिटर. मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब १.६ बार, हवा ६० अंश सेल्सिअस. घनता येते साधारण १.६७ किलो प्रति घनमीटर, आणि मिनिटाला हवा ८.१ किलो. बूस्टखाली आपण मिश्रण मुद्दाम गडद ठेवतो, लॅम्डा ०.८०, म्हणजे एक भाग पेट्रोलला ११.८ भाग हवा. जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतं, ते बाष्प होताना मिश्रण थंड करतं आणि नॉकिंग लांबवतं. हिशोब लावला की प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला साधारण २३१ घनसेंटिमीटर येतात.

आता वेळेकडे बघा. मला स्वतःला हे उशिरा समजलं. चार स्ट्रोकचं एक आवर्तन म्हणजे क्रँकचे दोन फेरे. ६००० आरपीएमला त्यासाठी फक्त २० मिलिसेकंद मिळतात, ३००० ला ४०. रूट्स पंपात बूस्ट दोन्हीकडे जवळपास तेवढाच, त्यामुळे एका आवर्तनाला लागणारं पेट्रोलही तेवढंच. तितकंच पेट्रोल, पण निम्मा वेळ. त्यातून इंजेक्टरची सुई उचलायला साधारण एक मिलिसेकंद वाया जातो, तो वेग वाढला म्हणून कमी होत नाही. मूळचे २४० घनसेंटिमीटरचे इंजेक्टर २० पैकी १९.३ मिलिसेकंद उघडे लागले असते, वर तो एक. बेरीज वीसच्या पुढे. म्हणजे इंजेक्टर बंदच होणार नाही, आणि संगणकाने कितीही मागितलं तरी जास्त पेट्रोल येणार नाही. म्हणून आम्ही ३०० चे घेतले. १५.४ अधिक १, म्हणजे १६.४ मिलिसेकंद, ८२ टक्के. ८५ ही आमची मर्यादा, तिच्या आत बसलं.

कागदावर सगळं छान. डायनोवर लॅम्डा ५२०० पर्यंत ०.८०, ५६०० ला ०.८४ आणि ६००० ला ०.९०.

मी काय केलं? तोच उद्योग, जो बहुतेक जण करतील. इंधनाच्या तक्त्यात ५४०० च्या पुढच्या रकान्यांत ८ टक्के वाढवले. ६००० ला लॅम्डा ०.९० वरून ०.८९. मग १२ टक्के. तरी ०.८९. मग सेन्सरवर संशय घेतला, सेन्सर बदलला. मग सुपरचार्जरचा पट्टा घसरतोय का ते पाहिलं (घसरत असता तर हवा कमी होऊन मिश्रण उलट गडद झालं असतं, पण तेव्हा डोकं चालत नव्हतं). चौथ्या आठवड्यात प्लग काढले तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पोर्सिलेनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो. सरासरी ०.९० असेल तर लांबच्या ओळीतला सिलिंडर त्याहून फिका असू शकतो. त्या दिवशी काम थांबवलं.

तक्त्यात भर घालूनही लॅम्डा हलत नाही, याची दोन मोठी कारणं संभवतात. एक, इंजेक्टर पूर्ण वेळ उघडे आहेत. दोन, पंपच तेवढं पेट्रोल देत नाही. मग इंजेक्टर जास्त वेळ उघडला तर फक्त रेलमधला दाब आणखी पडतो, एकूण पेट्रोल तेवढंच. नुसता लॅम्डाचा आलेख घेऊन बसलात तर ही दोन्ही कारणं हुबेहूब सारखी दिसतात. त्यासाठी दुसरं मोजमाप लागतं, आणि ते मी घेतलं नव्हतं.

खरं तर रेलवर दाबाचा गेज होता. ६००० ला तो ३.०५ बार दाखवायचा. रेग्युलेटर तीन बारचा, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी मान डोलावली: दाब ठीक आहे. तिथेच फसलो. इंजेक्टरला रेलचा दाब कळत नाही, रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यातला फरक कळतो. पुण्यात हवेचा दाब साधारण ०.९५ बार, मॅनिफोल्डमध्ये १.६, म्हणजे बूस्ट ०.६५. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते ती याचसाठी. बूस्ट आला की रेल ३.६५ वर जायला हवी. आमची ३.०५ वरच अडकली होती. फरक उरला २.४.

मूळ तक्ता परत घालून हे आकडे लॉग केले. इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. २.४ भागिले ३, त्याचं वर्गमूळ ०.८९. लॅम्डा ०.८० भागिले ०.८९, म्हणजे ०.९०. लॉगमधला आकडा तंतोतंत. इंजेक्टरचा उघडा काळ ८२ टक्केच होता, म्हणजे पहिलं कारण बाद. हे गणित करायला पाच मिनिटं लागली.

पंप का कमी पडला? त्याच्या डब्यावर ताशी ९० लिटर लिहिलेलं, आम्हाला हवे होते ५६. पण ते ९० तीन बार आणि साडेतेरा व्होल्टला. दाब वाढला की कुठलाही पंप कमी देतो, विहीर खोल गेली की मोटरचं होतं तसंच. सुपरचार्जरच्या गाडीत पंपाला सर्वांत जास्त पेट्रोल नेमकं सर्वांत जास्त दाबाला द्यावं लागतं. त्यात बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना पंपाच्या टोकाला भार असताना फक्त ११.४ होते. मूळची बारीक वायर, जुना कनेक्टर. इंजिन आयडलला असताना तिथेच १३.२ दिसायचे, म्हणून कुणी संशय घेतला नाही.

बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढली, रिले पंपाजवळ बसवला. व्होल्टेज १३.५, रेल ३.६०, लॅम्डा ०.८१. तक्त्यातले १२ टक्के आधीच काढले होते ते बरं. नाहीतर पंप सुधारताच लॅम्डा ०.७२ पर्यंत गेला असता.

एक गोष्ट अजून बाकी आहे. वरचं सगळं इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलवर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका भागाला ९ भाग, पेट्रोलला १४.७. म्हणून तेवढ्याच हवेला आकारमानाने सुमारे साडेसात टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. इंजेक्टरचा काळ ८२ वरून ८८ टक्क्यांवर जातो, मर्यादेच्या बाहेर. ५८०० ला एक आवर्तन २०.७ मिलिसेकंदांचं, तिथे तो ८५ च्या काठावर बसतो. मोठे इंजेक्टर येईपर्यंत आमचं रेव्ह लिमिट ५८०० वर आहे.