फळी सांगते, पाणी कधी आलं

सागाचं झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी त्याच्या फळीचं हवेशी चाललेलं देणंघेणं थांबत नाही. शेगावच्या जुन्या घरातल्या माडीची फळी दर मे महिन्यात आपल्यातलं पाणी हवेला देऊन टाकते आणि दर ऑगस्टात ते परत घेते. घरातल्या कुणाच्या हे लक्षातही येत नाही. मग एखाद्या रात्री टाकी फुटते, नळाचा सांधा निसटतो, पाणी माडीभर होतं. पुढच्या काही दिवसांत फळ्या फुगतात, वाकतात, खिळे उचकटतात. घराचा विमा असेल तर दावा दाखल होतो आणि सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: हे पाणी अचानक आलं, की वर्षानुवर्षं झिरपत होतं? माणसं आपापल्या परीने सांगतात. पण या प्रश्नाचं सगळ्यात भरवशाचं उत्तर त्या खराब झालेल्या फळीतच असतं. मला हे अतिशय विलक्षण वाटतं.

वऱ्हाडातल्या जुन्या माडीची घडण आधी पाहू. भिंतींवर सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. फळ्यांवर माती आणि मुरमाचा थर, त्यावर सारवण. पुढे अनेकांनी त्यावरच फरशी बसवली. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या वाटेवर शेगाव होतं आणि शेजारचं खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ होती. कापसाचा पैसा आणि मेळघाटातला साग जवळ असलेल्या या मुलखात लाकडी माडीची घरं उभी राहिली. त्यांतली जी टिकली, त्यांच्यावर आता टिनाचं छप्पर आहे, मोरीला नळ आहे आणि वर प्लास्टिकची टाकी आहे. ज्या फळ्या पाणी घागरीने वर येण्याच्या काळात बसवल्या, त्यांच्या डोक्यावर आज हजार लिटर पाणी उभं असतं.

आता फळीच्या आत जाऊ. लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनी विणलेल्या असतात. पाण्याचे रेणू या तंतूंमध्ये शिरून चिकटतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात. तंतू झाडाच्या उंचीच्या दिशेने उभे असतात, म्हणून लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के पाणी मुरलं की पेशींच्या भिंती भरतात आणि फुगणं थांबतं. त्यापुढचं पाणी नुसतं पोकळीत साठतं.

शेगावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि हवा ठणठणीत कोरडी असते. तेव्हा फळीत जेमतेम पाच टक्के पाणी उरतं. पावसाळ्यात ते पंधराच्या वर जातं. साग हे कमी हलणारं लाकूड म्हणून नावाजलेलं, तरी वीस सेंटीमीटर रुंदीची फळी एवढ्या फरकाने साडेतीन ते पावणेचार मिलिमीटर रुंद होते. तीच फळी तीन मीटर लांब असली, तर लांबीत फरक पडतो एखादा मिलिमीटर. शेतकऱ्याला हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. उन्हाळ्यात बंडीचे आरे खुळखुळायला लागले की तो चाकं ओढ्याच्या पाण्यात उभी करतो. लाकूड फुगतं आणि लोखंडी धावेत पुन्हा घट्ट बसतं. माडीवर नेमका हाच जोर नको तिथे लागतो. फळ्यांना सरकायला जागा नसली की त्या एकमेकींना रेटतात, वर उठतात आणि खिळे सोबत घेऊन येतात.

वाकण्याची दिशाही बोलते. फळीचा जो चेहरा अधिक ओला, तो अधिक रुंद होतो. शेगावच्या माडीत वरचा मातीचा थर पाणी धरून ठेवतो आणि खालची बाजू बैठकीतल्या पंख्याच्या वाऱ्याने सुकते. मग फळी मधोमध वर फुगते आणि तिच्या कडा खाली येतात. बैठकीत उभं राहून वर पाहिलं की हे सरळ दिसतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या घरात याच्या उलट घडतं. तिथे थंडीत पाणी गोठून पाइप फुटतो. फळीच्या वरच्या बाजूला वॉर्निशचा लेप असतो, ओल खालच्या प्लायवुडमध्ये अडकते. खालची बाजू फुगते आणि फळीच्या कडा वर उठतात. गडबडीने त्या कडा घासून जमीन सपाट केली, तर काही महिन्यांनी फळ्या पूर्ण सुकल्यावर कडा खोल जातात आणि मधला भाग उंच राहतो. अर्थात फळी खोडाच्या कोणत्या भागातून कापली यावरही वाक ठरतो, म्हणून जाणता सुतार फळीच्या टोकाशी वाकून तिची वलयं आधी बघतो.

ओल कधी आली हे सांगणाऱ्या खुणा याहून बारीक आहेत. पाणी सुकताना लाकडातला रंग आणि मळ ओलीच्या कडेपर्यंत वाहून नेतं आणि तिथेच सोडतं. एकदाच भिजलेल्या फळीवर अशी एक कड उमटते. दर पावसाळ्यात भिजलेल्या फळीवर एकाबाहेर एक कडा दिसतात. लोखंडी खिळ्याचा ओल्या लाकडातल्या टॅनिन द्रव्याशी संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. तो खोलवर मुरलेला असेल, तर ओल जुनी. बुरशीचं गणित आणखी स्पष्ट आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जगायला वीस टक्क्यांहून पुष्कळ जास्त ओल लागते आणि तीही आठवडे-महिने सतत. कुजलेलं लाकूड चौकोनी भेगा पडून विटकरी तुकड्यांत सुटत असेल, तर ते कालच्या पाण्याचं काम नाही. उधईच्या मातीच्या नळ्याही एका रात्रीत भिंत चढून येत नाहीत. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते उधईला मानवत नाही. पण सालीलगतच्या फिक्या लाकडात ते नसल्यासारखंच असतं. म्हणून एकाच फळीची एक कड पोखरलेली आणि मधला भाग ठणठणीत, असं दृश्य दिसतं.

ओल मोजायला नुकसान तपासणारे विम्याचे सर्व्हेअर किंवा सुतार एक छोटं यंत्र वापरतात. दोन सुया फळीत टोचल्या की त्यांच्यामधला विजेला होणारा विरोध यंत्र मोजतं. कोरडं लाकूड विजेला जवळजवळ अडवून धरतं; ओलं झालं की हा विरोध लाखो पटींनी घटतो. निसर्गात इतक्या थोड्या बदलाला इतका मोठा प्रतिसाद क्वचितच मिळतो. शेगावात मात्र एक खास अडचण आहे. हा भाग पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात येतो आणि इथलं विहिरी-बोअरचं पाणी खारं. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, त्यामुळे अशा पाण्याने भिजलेल्या फळीत यंत्र खरी ओल असते त्याहून जास्त दाखवतं. फळी सुकत आली तरी आकडा खाली येत नाही. इथे यंत्रावर विसंबून राहण्यापेक्षा फळीचा एक तुकडा तोलून, भट्टीत पूर्ण सुकवून पुन्हा तोलणं अधिक खात्रीचं.

तेच मीठ दुसरीकडे मदतीला येतं. बोअरच्या पाण्याची टाकी फुटली असेल, तर सुकल्यावर फळीवर पांढरट थर राहू शकतो. स्वच्छ पावसाच्या पाण्याने तो येत नाही. मात्र पावसाचं पाणी चुना-सिमेंटमधून झिरपलं तर तेही क्षार घेऊन येतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल देता येत नाही. सगळ्या खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

या वाचनाला पैशाच्या दृष्टीने महत्त्व का, हे विम्याच्या रचनेत दिसतं. १६६६ च्या आगीत लंडनमधली सुमारे १३ हजार घरं जळाली. त्यानंतर १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने घरांचा आगविमा सुरू केला. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के हप्ता त्याने ठेवला. घर कशाचं आहे यावरून धोका मोजायचा, हे तेव्हापासून चालत आलं आहे. भारतात विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी आणली. कोणत्या संकटांना ती लागू आहे याची यादी तिच्यात दिलेली आहे: आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन वगैरे. त्याच यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि नळ फुटणं किंवा भरून वाहणं हेही आहे. कुजणं आणि उधई मात्र त्या यादीत नाहीत. एका रात्री फुटलेल्या टाकीने फुगलेली फळी दाव्यात बसते. दहा पावसाळे झिरपत्या छपराखाली कुजलेली फळी बसत नाही. अमेरिकेतल्या घरविम्यातही नळाच्या पाण्याचं नुकसान अचानक आणि अपघाताने झालेलं असावं लागतं; आठवडे-महिने चाललेली गळती तिथे वगळली जाते. दोन खंडांत नियम वेगळे असले, तरी प्रश्न एकच.

‘भारत गृह रक्षा’मध्ये खिळ्यांनी जडलेली तक्तपोशी ‘इमारत’ या भागात मोडते. वर अंथरलेली सतरंजी, दिवाण, कपाट हा ‘सामाना’चा भाग. इमारतीचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं संरक्षण आपोआप मिळतं. उखडलेला मलबा हलवण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. पूर्वी एक जाचक नियम असायचा: वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा असेल, तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई. या पॉलिसीत ती कपात काढून टाकली आहे. जुन्या माडीच्या घरमालकांसाठी ही फार मोठी सोय आहे, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या सागाची आजची किंमत त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलेली असते. कंपनीचा निर्णय पटला नाही, तर ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विमा लोकपालाकडे विनाशुल्क नेता येतात.

म्हणून टाकी फुटली की क्रम पाळावा. आधी पाणी आणि वीज बंद करा, मग कंपनीला लगेच कळवा. वरून आणि खालून फोटो घ्या, ओलीची कड दिसेल असे. नळाचा किंवा टाकीचा फुटलेला तुकडा जपून ठेवा, कारण पाणी कुठून आलं याचा तोच पुरावा. ओली माती काढून वारा खेळता ठेवा; नुकसान वाढू न देणं ही विमेदाराचीही जबाबदारी आहे. पण उखडलेल्या फळ्या सर्व्हेअर येईपर्यंत टाकून देऊ नका आणि चुलीत तर मुळीच नको. सर्व्हेअर आल्यावर त्याला खालून उभं करून कडा दाखवा, खिळ्याभोवतीचा डाग दाखवा, चांगल्या खोलीतली फळीही दाखवा. जुनं कुजलेलं असेल तर तेही लपवू नका. नव्या नुकसानीची रेषा जुन्या कुजलेल्या भागापासून जिथे स्पष्ट वेगळी दिसते, तिथे खरा दावा अधिक भक्कम होतो. आणि आज घर कोरडं असताना माडीचे फोटो काढून ठेवणं हे या सगळ्यात सर्वांत स्वस्त काम आहे.

फळी बदलताना घाई नडते. नवा साग गुदामातून आणून दुसऱ्या दिवशी ठोकला, तर तो पुढच्या मोसमात हलणारच. फळ्या ज्या खोलीत बसवायच्या तिथेच मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात आणि काही आठवडे तिथल्या हवेला सरावू द्याव्यात. मे महिन्यात बसवणार असाल तर फळ्यांमध्ये फट ठेवा, पावसाळ्यात ती भरून निघेल. ऑगस्टात बसवणार असाल तर चिकटून बसवा, उन्हाळ्यात फट आपोआप पडेल. दोन्ही वेळी भिंतीशी थोडी जागा मोकळी हवी. जुन्या तुळया शाबूत असतील तर त्या बदलायची गरज नाही. सागाचा गाभा शंभर वर्षांनंतरही कामाला पुरतो. दाव्याच्या रकमेतून लाकूड येतं, सुताराची मजुरी निघते. मोसम पाहून थांबण्याचं शहाणपण मात्र घरच्यांनीच आणायचं असतं, आणि माडी पुढची शंभर वर्षं टिकायची ती त्याच्याच जोरावर.