‘अनुशेष’ : संज्ञेचा अर्थ आणि राज्यकारभारातील तिचा व्यवहार

मराठवाड्यात किंवा विदर्भात विकासाविषयी चर्चा सुरू झाली की ‘अनुशेष’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. सभेचा ठराव, वृत्तपत्राचा अग्रलेख, विधानसभेतील भाषण, सर्वत्र तो आढळतो. शब्द फार परिचित झाला म्हणजे त्याचा अर्थ विचारण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. पण ज्या शब्दाच्या आधारे सार्वजनिक पैशाची मागणी केली जाते, त्याच्या बाबतीत ही उदासीनता हिताची नाही. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा अर्थ तपासून, विधानसभा, राज्यपाल आणि न्यायालय या तीन ठिकाणी तिला कितपत बळ मिळते, हे पाहावयाचे आहे.

हिशेबाच्या व्यवहारात मराठीने जुने शब्द चोखपणे वापरले आहेत. ‘शिल्लक’ म्हणजे खर्च वजा जाता हाती राहिलेली रक्कम. ‘बाकी’ हा मूळचा अरबी शब्द. हाती उरलेले आणि येणे राहिलेले, असे दोन्ही अर्थ त्याने दाखविले जातात. ‘थकबाकी’ म्हणजे मुदत टळून गेलेले येणे. थकबाकी म्हटले की देणारा कोण, घेणारा कोण आणि मुदत कोणती, हे तीन प्रश्न आपोआप उपस्थित होतात. शेतसाऱ्याच्या थकबाकीची नोटीस ज्याच्या घरी आली, त्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणी शिकवावी लागत नाहीत.

‘अनुशेष’ हा मात्र ‘बॅकलॉग’ या इंग्रजी संज्ञेसाठी रूढ झालेला संस्कृत घडणीचा प्रतिशब्द होय. ‘शेष’ म्हणजे उरलेले, ‘अनु’ म्हणजे मागाहून. काही तरी मागे राहिले आहे, एवढेच तो सांगतो. ते कोणी भरून द्यावयाचे आणि केव्हा, याविषयी तो मौन पाळतो. थकबाकीला ऋणको असतो. अनुशेषाला तो शब्दाच्या अर्थातून मिळत नाही. कायद्याने मिळवून द्यावा लागतो. मराठवाड्याच्या प्रश्नाचा बराच मोठा भाग या एका भेदात सामावलेला आहे.

या मागणीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे आणि मराठवाड्याच्या अविकसित स्थितीमुळे त्याकडे विशेष लक्ष दिले जावे, असे मान्य करण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. करार हा राजकीय समजुतीचा लेख होता. त्यात अभिवचन होते, मोजमाप नव्हते.

मोजमाप प्रथम केले ते प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने. रस्ते, सिंचन, ग्रामविद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य इत्यादी नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी पातळी काढावयाची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजावयाची आणि ती भरून काढण्यास लागणारा खर्च रुपयांत मांडावयाचा, अशी ही पद्धत होती. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यांपैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये, म्हणजे २३.५६ टक्के, दाखविला गेला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती धरून एकूण आकडा १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी, म्हणजे २८.५९ टक्के, असा काढला. किमती व गणनेचे आधार बदललेले असल्याने या रकमांची परस्पर तुलना करणे योग्य नव्हे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, एका तक्रारीला संख्येचे रूप मिळाले. तथापि संख्या म्हणजे देणे नव्हे.

आता अर्थसंकल्पाकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे राज्याचा खर्च दोन प्रकारांत मांडला जातो. काही खर्च ‘भारित’ असतो. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याची रक्कम यांचा त्यात समावेश होतो. उरलेला खर्च ‘दत्तमत’, म्हणजे विधानसभेच्या संमतीने होणारा. कर्जाचे व्याज हे ज्या अर्थी देणे आहे, त्या अर्थी अनुशेष देणे नाही. त्यासाठीची रक्कम दत्तमत खर्चात येते आणि दरवर्षी नव्याने मागावी लागते.

या मागणीच्या वेळी सदस्याचे अधिकार कोणते? अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा अनुदानाची मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. त्यामुळे आपल्या जिल्ह्यास निधी अपुरा पडतो असे ज्याला म्हणावयाचे आहे, त्यालाही नाममात्र रकमेची कपात सूचना मांडूनच ते म्हणावे लागते. शिवाय विधानसभेच्या २८८ जागांपैकी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ४६ जागा आहेत. केवळ मतांच्या बळावर एवढ्या सदस्यांना वाटपाचा क्रम बदलता येणार नाही. आणि तरतूद झाली तरी ती खर्च झालीच असे नव्हे. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली रक्कम व्यपगत होते. ‘तरतूद’ आणि ‘खर्च’ हे दोन शब्द समानार्थी समजण्याची चूक आपल्या चर्चेत वारंवार होते.

बहुमताची ही मर्यादा ओळखूनच संविधानात अनुच्छेद ३७१(२) आहे. त्यानुसार राष्ट्रपतींना आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपविता येते : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापणे आणि विकासखर्चाच्या निधीचे समन्यायी वाटप करणे. ‘समन्यायी’ म्हणजे ‘समान’ नव्हे; गरजेकडे पाहून दिलेला उचित वाटा, असा त्याचा आशय आहे. मात्र ‘संपूर्ण राज्याच्या गरजा विचारात घेऊन’ हे बंधनही त्याच वाक्यात आहे, आणि ‘अनुशेष’ हा शब्द त्या अनुच्छेदात नाही. ही तरतूद १९५६ पासून संविधानात असूनही तीखालील आदेश निघण्यास १९९४ उजाडले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. मंडळे नसतात तेव्हा त्यांच्या कार्याचा वार्षिक अहवालही विधानसभेपुढे येत नाही, आणि मोजमापाचा धागा तुटतो.

शेवटचे ठिकाण न्यायालय. आपल्या शहरात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश १९८१ पासून बसू लागले आणि १९८४ मध्ये येथे कायम खंडपीठ झाले. अनुच्छेद २२६ खाली नागरिकास तेथे दाद मागता येते. परंतु न्यायालय ‘किती मागे राहिले’ असे विचारीत नाही. ‘कोणते कर्तव्य, कोणाचे आणि कोणत्या कायद्याने’ असे विचारते. म्हणजे जे तीन प्रश्न ‘थकबाकी’ हा शब्द स्वतःच उपस्थित करतो, तेच येथे अर्जदाराला विचारले जातात. शिवाय उच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद ३४८ अन्वये इंग्रजीत चालते. तेथे ‘अनुशेष’ पुन्हा ‘बॅकलॉग’ होतो, आणि अनुवादाने आलेला शब्द अनुवादानेच परत जातो.

‘अनुशेष’ हा शब्द टाकून द्यावा, असे यावरून सुचवावयाचे नाही. प्रदेशाच्या दैन्याचे वर्णन करणाऱ्या अनेक भावनात्मक शब्दांपेक्षा तो श्रेष्ठ आहे, कारण तो मोजता येतो. परंतु तो वापरताना प्रत्येक वेळी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत : कोणत्या क्षेत्रातील, कोणत्या दिनांकाचा, कोणत्या सरासरीच्या तुलनेत आणि कोणत्या तरतुदीनुसार कोणी भरून द्यावयाचा. मागे एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते, “अनुशेष आहे हे खरे, पण तो कोणाकडे आहे?” प्रश्न विभक्तीचा होता आणि राज्यशास्त्राचाही. त्याचे उत्तर ज्या वाक्यात नाही, ते वाक्य अद्याप अपुरे आहे.