परवान्यावरचे एक अक्षर

मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे वाळवलेल्या वनस्पतींचे १०५ नमुने नष्ट करण्यात आले. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने ते क्वीन्सलंडच्या वनस्पतिसंग्रहालयाला अभ्यासासाठी पाठवले होते. नमुने एकोणिसाव्या शतकातील होते आणि त्यांत काही प्ररूप नमुनेही होते. प्ररूप नमुना म्हणजे एखाद्या जातीचे नाव ज्याच्या आधारे प्रथम दिले गेले तो मूळ नमुना. पुढे कधी शंका आली की शास्त्रज्ञ त्याच्याकडेच परत जातात. त्याची दुसरी प्रत काढता येत नाही.

ते नष्ट का झाले? त्यांना कीड लागली नव्हती, की कोणी खोडसाळपणाही केला नव्हता. सोबतची कागदपत्रे अपुरी होती. मागवलेली माहिती पाठवली गेली, पण चुकीच्या ई-मेल पत्त्यावर. मुदत उलटली आणि जैवसुरक्षा कर्मचाऱ्यांनी नियमाप्रमाणे पुडके निकालात काढले. त्या खात्याने नंतर ही कार्यवाही घाईची झाल्याचे मान्य केले, पण पाने काही परत आली नाहीत. न्यूझीलंडच्या एका वनस्पतिसंग्रहालयाने त्यानंतर ऑस्ट्रेलियाला नमुने पाठवणेच थांबवले.

निसर्गसंरक्षण म्हटले की आपल्यासमोर जंगलात गस्त घालणारा वनरक्षक येतो किंवा दुर्बीण घेतलेला संशोधक येतो. टंकलेखन करणारा, आवक-जावक नोंदवणारा, तीन भाषांतील मसुदे जुळवून पाहणारा मनुष्य त्या चित्रात नसतो. आम्ही संशोधक तर या कामाला सर्रास ‘कारकुनी’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात देशोदेशींच्या संरक्षणाचा मोठा भाग या कारकुनीवर उभा आहे. तो कसा, हे एका कराराच्या आधारे पाहू.

हा करार म्हणजे वन्य प्राणी व वनस्पतींच्या धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘साइट्स’ म्हणतात. त्याची मूळ मागणी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने, म्हणजे आययूसीएनने, १९६३ साली केली. करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे झाला आणि १ जुलै १९७५ पासून अमलात आला. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. आज १८० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत आणि ४०,००० हून अधिक जाती त्याच्या परिशिष्टांत आहेत.

या करारापाशी स्वतःचे पोलीस नाहीत, न्यायालय नाही, जंगलही नाही. त्याच्यापाशी आहे एक कागद. परिशिष्टात नोंदलेला प्राणी, वनस्पती किंवा त्यांचा भाग सीमेपलीकडे न्यायचा, तर त्यासोबत परवाना हवा. पहिल्या परिशिष्टात वाघ, आशियाई हत्ती यांसारख्या जाती येतात. निसर्गातून घेतलेल्या अशा जिवांच्या धंद्याला बंदीच आहे, आणि संशोधनासारख्या कारणासाठी न्यायचे तर पाठवणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही देशांचे परवाने लागतात. दुसऱ्या परिशिष्टात व्यापार चालतो, पण निर्यात परवाना असेल तरच. बहुसंख्य जाती याच परिशिष्टात आहेत. तिसरे परिशिष्ट एखाद्या देशाने आपल्यापुरती मदत मागितलेल्या जातींसाठी आहे. त्याचा विस्तार येथे करत नाही.

परवाना देण्यासाठी प्रत्येक देशात दोन यंत्रणा नेमाव्या लागतात. एक व्यवस्थापकीय, जी सही-शिक्का करते. दुसरी वैज्ञानिक, जी त्याआधी सांगते की एवढे नग बाहेर गेल्याने निसर्गातील त्या जातीला धोका पोचणार नाही. आपल्याकडे भारतीय प्राणिसर्वेक्षण, भारतीय वनस्पतिसर्वेक्षण यांसारख्या संस्था हे दुसरे काम करतात. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या सगळ्याला आपल्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले. करारात सामील झाल्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी! बरे काम सावकाश होते, एवढेच म्हणावे.

आता प्रत्यक्ष परवाना डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला प्रत्येक देश आपापल्या नमुन्यात परवाने देई. कुठे साधे पत्र, कुठे नुसता शिक्का. परदेशच्या बंदरावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याला तो खरा की खोटा हे कळणार कसे? म्हणून १९८१ साली सदस्य देशांची तिसरी परिषद नवी दिल्लीत भरली, तेव्हा परवान्यांच्या एकसारखेपणाविषयी ठराव झाला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आता कोणत्याही देशाच्या परवान्यावर साधारण त्याच चौकटी दिसतात: देणारा, घेणारा, जातीचे शास्त्रीय नाव, वस्तूचे वर्णन, परिशिष्ट, संख्या व एकक, मूळ देश. निर्यात परवान्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने.

यांतल्या दोन चौकटींत फक्त एकेक अक्षर लिहायचे असते. पहिले अक्षर उद्देशाचे. व्यापारासाठी ‘टी’, प्राणिसंग्रहालयासाठी ‘झेड’, विज्ञानासाठी ‘एस’, शिकारीच्या स्मृतिचिन्हासाठी ‘एच’. दुसरे अक्षर उगमाचे. निसर्गातून पकडलेला तर ‘डब्ल्यू’, बंदिवासात पैदा केलेला तर ‘सी’, कृत्रिमरीत्या वाढवलेली वनस्पती तर ‘ए’, जप्त केलेला माल तर ‘आय’. या दुसऱ्या अक्षरावर सगळे अवलंबून असते. पोपट जंगलातून धरला असेल तर किती धरले, उरले किती, हे प्रश्न येतात. पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर आला असेल तर यांतले बरेच प्रश्न गळून पडतात. मग लबाडी कोठे होईल, हे वेगळे सांगायला नको.

सॉलोमन बेटांचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २००० ते २०१० या काळात तेथून ५४,००० हून अधिक पक्षी परदेशी गेल्याची नोंद झाली. कागदोपत्री त्यांतले बहुतेक ‘सी’, म्हणजे पिंजऱ्यात पैदा झालेले. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१२ साली हा प्रकार उजेडात आणला. एवढ्या पक्ष्यांची पैदास करू शकतील अशी केंद्रे त्या बेटांवर असल्याचा पुरावाच नव्हता. जंगलातला पक्षी कागदावर एका अक्षराने पाळीव होत होता. आणि हे सापडले तेही जंगलात नव्हे, तर कार्यालयांत साठलेल्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून.

या नोंदी साठतात कशा? प्रत्येक देशाने वर्षभराच्या व्यवहारांचा अहवाल पुढच्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत पाठवायचा असतो. ते सारे इंग्लंडमधील केंब्रिज येथील जागतिक संरक्षण निरीक्षण केंद्रात एका माहितीसंचात भरले जातात. त्यात आज दोन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि संगणकावर तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. एकच व्यवहार तेथे दोनदा येतो: पाठवणाऱ्या देशाच्या अहवालातून आणि घेणाऱ्या देशाच्या अहवालातून. दोन आकडे जुळले तर ठीक. ‘अ’ देश म्हणतो २०० कातडी पाठवली आणि ‘ब’ देश म्हणतो ७०० आली, तर चौकशीला जागा आहे.

मात्र प्रत्येक तफावत म्हणजे चोरी नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोचला तर तो दोन वेगळ्या वर्षांत नोंदला जातो. एकाने नग मोजले, दुसऱ्याने किलो. एकाने एककाची चौकट कोरीच सोडली. मग ‘२५०’ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? आणखी एक खाचखळगा आहे. परवाना ५०० नगांचा काढला, पण प्रत्यक्षात १२० च गेले, असे नेहमी होते. म्हणून परवान्याच्या शेवटी सीमाशुल्क अधिकाऱ्याने भरायची जागा असते: प्रत्यक्ष किती गेले. ती रिकामी राहिली की अहवाल दिलेल्या परवान्यांवरून तयार होतो आणि न झालेला व्यापार आकडेवारीत शिरतो. असल्या आकड्यांवरून मग आमच्यासारखे लोक आलेख काढतात.

या कामाविषयीचा माझा स्वतःचा तुच्छभाव कसा गेला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मला एका आमरीचा वाळवलेला नमुना परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा होता. आमरी म्हणजे ऑर्किड. हे सबंध कुळच परिशिष्टांत आहे. नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांना आपसांत असे नमुने ठराविक चिठ्ठी लावून पाठवण्याची सवलत करारात आहे, पण समोरची संस्था नोंदणीकृत नव्हती. म्हणून परवाना काढणे आले. मी घाईघाईने अर्ज भरला आणि आमच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिक बाईंच्या टेबलावर ठेवून निघालो. त्यांनी हाक मारली. “सर, ही दोन झाडं आहेत की एकच?” मला कळेना. त्यांनी दाखवले: नमुन्याच्या चिठ्ठीवर मी जुने शास्त्रीय नाव ठेवले होते आणि अर्जात नवे लिहिले होते. माझ्या दृष्टीने ती एकाच वनस्पतीची दोन नावे होती. बंदरावर पुडके उघडणाऱ्याच्या दृष्टीने परवाना एका जातीचा आणि माल दुसऱ्याच जातीचा झाला असता. करारासाठी कोणती नावे प्रमाण मानायची याची संदर्भसूची ठरलेली आहे. ती बाईंनी वाचली होती. मी, वनस्पतिशास्त्राचा डॉक्टर, ती वाचायची राहून गेलो होतो.

कराराचे सचिवालय जिनिव्हाला आहे. काही डझन माणसांचे कार्यालय. दोन-तीन वर्षांनी सदस्य देशांची परिषद भरते, आणि कोणती जात कोणत्या परिशिष्टात घालायची याचे प्रस्ताव तिच्या किमान १५० दिवस आधी पोचावे लागतात. मग ते इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत तयार करायचे, सर्व देशांना पाठवायचे, उत्तरे गोळा करायची. परिषदेत शब्दाशब्दावर वाद होतात, आणि तेही योग्यच आहे. कारण त्या शब्दांचे ओझे पुढे कोणाच्या तरी खांद्यावर पडते.

शिसवाचेच पाहा. मादागास्करसह अनेक देशांत शिसवाच्या जातीची मौल्यवान झाडे बेसुमार तोडली जात होती. कापलेल्या फळीवरून ही कोणती जात, हे गोदीतल्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत डाल्बर्जिया ही अख्खी प्रजातीच परिशिष्टांत आणली गेली आणि २ जानेवारी २०१७ पासून नियम लागू झाला. विज्ञान म्हणून यात चूक नव्हती. पण याच प्रजातीत आपला उत्तरेकडचा शीशम येतो. तो भारतात मुबलक आहे, त्याची लागवडही होते. सहारनपूरसारख्या गावांतले कारागीर त्याच्यावर जगतात. आता दहा किलोंहून अधिक वजनाच्या प्रत्येक मालासाठी परवाना लागू लागला. भारत सरकारच्या निवेदनानुसार या वस्तूंची वर्षाची निर्यात सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांना झळ पोचली.

भारताने हा प्रश्न परिषदेत लावून धरला. २०२२ साली पनामा येथे जे मान्य झाले ते ऐकायला क्षुल्लक वाटेल. दहा किलो हे सबंध मालाचे नव्हे, तर प्रत्येक वस्तूचे वजन मोजायचे; आणि त्यातही फक्त लाकडाचे, बिजागऱ्या-कड्यांचे नाही. झाडांच्या संख्येबद्दलचे ज्ञान २०१७ ते २०२२ मध्ये काही बदलले नव्हते. वजन कशाचे, एवढे एक वाक्य नेमके झाले. माझे मत विचाराल तर हे वाक्य पाच वर्षे आधी लिहिता आले असते. बंदरावर आणि कारागिराच्या कोठारात काय घडते, हे माहीत असलेला कोणी मूळ मसुद्याच्या वेळी जवळ असायला हवा होता.

आठवी-नववीच्या वर्गात याचा एक खेळ घेता येतो. वर्गाचे तीन देश करावेत. चिंचोके, शंख आणि पिसे यांचा तासभर व्यापार चालू द्यावा. प्रत्येक देशात एक परवाना देणारा, एक बंदरावर मोजणारा आणि आवक व जावक अशा दोन वह्या ठेवाव्यात. मोजणाऱ्याला मुद्दाम काही सूचना देऊ नयेत. तास संपल्यावर वह्या शेजारी ठेवून आकडे जुळवावेत. मी हा खेळ दोन शाळांत घेतला. दोन्हीकडे चिंचोके जुळले नाहीत. एका शाळेत मुले चोर शोधायला निघाली, आणि वीस मिनिटांनी एका मुलीच्या लक्षात आले की एक देश चिंचोके मोजत होता आणि दुसरा मुठी.