आराखड्यावरील सही

इमारत कोसळली की सिमेंट-लोखंडाला दोष देऊन आपण मोकळे होतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रिजन्सी हॉटेलची दुर्घटना मात्र याहून निराळी आहे. १७ जुलै १९८१ च्या सायंकाळी तेथील भव्य दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल एकाखाली एक कोसळले. ११४ माणसे मृत्युमुखी पडली. हॉटेल सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

पोलादी तुळया, त्यांवर पन्हळी पत्रा आणि पत्र्यावर काँक्रीटचा थर, अशी या पुलांची जमीन होती. ती भंगली नाही. तुळई आणि सळई यांचा सांधा तुटला. मूळ आराखड्यानुसार छतापासून निघालेली एकच अखंड सळई चौथ्या मजल्यावरील पुलातून थेट दुसऱ्या मजल्यावरील पुलापर्यंत जाणार होती. एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून पोलादकाम करणाऱ्या कंपनीने दोन सळया योजल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

बदल क्षुल्लक दिसतो. परंतु शिंक्याचे उदाहरण घ्या. एकाच दोरीला दोन मडकी वेगवेगळ्या गाठींनी बांधली, तर प्रत्येक गाठ आपल्याच मडक्याचा भार वाहते. खालचे मडके वरच्या मडक्याच्या गळ्याला बांधले, की वरच्या गाठीवर दोहोंचा भार येतो. येथे तसेच घडले. वरच्या तुळईखालील चाकीवर दुप्पट भार आला आणि ती तुळई फाडून वर निघाली. मूळ योजनाही निर्दोष नव्हती. नियमांना अपेक्षित असलेल्या भारापैकी सुमारे ६० टक्केच ती पेलू शकली असती, असे सरकारी तपासात आढळले.

मग जबाबदार कोण? बदलाला दूरध्वनीवरून संमती मिळाली होती, असे कंपनीचे म्हणणे. अभियंत्यांनी ते नाकारले. नव्या सांध्याचे गणित मात्र कोणीच केले नव्हते, आणि सुधारित नकाशांवर अभियंत्यांच्या तपासणीचा शिक्का होता. माझ्या मते सारा वाद या शिक्क्यापाशीच संपतो. तपशील दुसऱ्याने आखला, हा बचाव सुनावणीतही टिकला नाही. १९८५ साली घोर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि त्यानंतर मिझुरी राज्याने जॅक गिलम व डॅनियल डंकन या अभियंत्यांचे परवाने रद्द केले. फौजदारी खटला कोणावरही चालला नाही. गिलम यांनी पुढे अभियंत्यांपुढे याच दुर्घटनेवर व्याख्याने दिली.