ग्रंथालयात हत्यारांची खोली



मुंबईत काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून पाहिले असेल. ती इमारत १८७० साली पुरी झाली. संस्था मात्र तिच्याहून जुनी आहे. १८४७ साली टांकसाळीतील व सरकारी गोदीतील तरुण मेकॅनिक आणि फोरमन यांनी यंत्रांचे नमुने व इमारतींचे आराखडे यांचा संग्रह आणि त्याच्या जोडीला ग्रंथालय काढले, तेथून तिचा उगम. म्हणजे पुस्तक आणि यंत्र एका छपराखाली, आणि तेही कारागिरांच्या पुढाकाराने! पुढे नमुने मागे पडले, पुस्तके राहिली. ‘मेकरस्पेस’ ही काही अपूर्व परदेशी कल्पना आहे असे आज कोणी सांगू लागले, तर हा इतिहास त्याच्यापुढे ठेवावा.

मेकरस्पेस म्हणजे काय? जी हत्यारे व यंत्रे एकट्यादुकट्याला विकत घेणे परवडत नाही, ती सामाईक ठेवून कोणालाही वापरू देण्याची जागा. पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथालयाने हेच केले आहे. न्यूयॉर्क राज्यातील फेएटव्हिल या लहानशा गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०११ साली अशी कार्यशाळा सुरू केली. गंमत अशी की, ते ग्रंथालय पूर्वीच्या स्टिकली फर्निचर कारखान्याच्या इमारतीत आहे. कारखाना गेला, त्याच्या भिंतींत वाचक आले, आणि मागाहून हत्यारेही परतली. फरक एवढाच की, आता ती मालकाची नव्हती. हेलसिंकी येथे २०१८ च्या डिसेंबरात उघडलेल्या ‘ओडी’ ग्रंथालयात तर मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे आहेत, लेसरने कापणारी यंत्रे आहेत, आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचे थरावर थर चढवून वस्तू घडविणारी त्रिमितीय मुद्रणयंत्रेही आहेत.

आपल्याकडे हे जमेल काय, असे विचारणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळला जाऊन यावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला. खेड्यातील मुलांनी हाताने काम करीत विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह. २००२ साली तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. ते ग्रंथालय नव्हे, शिक्षणसंस्था आहे, हे खरे. परंतु खेड्यात यंत्र नेले तर ते गंजून पडते हा समज तेथे टिकत नाही.

माझ्या दृष्टीने हा प्रश्न छंदाचा नाही. आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेला मुलगा कंत्राटदाराकडे लागतो, आणि वर्षानुवर्षे एकाच यंत्रापुढे एकच बटण दाबतो. कानस कशी धरावी, माप कसे घ्यावे, हे त्याचा हात विसरू लागतो. काम सुटले की त्याच्यापाशी ना कसब, ना हत्यार. कामगाराच्या हातातील विद्या हीच त्याची ठेव. ती जेथे उजळता येईल अशी जागा गावात एकही नसावी काय?

सुरुवातीला महागडे यंत्र आणू नये. ते आणले की त्याचे उद्घाटन होते, फोटो निघतो आणि त्यावर झाकण पडते. एक मजबूत टेबल, व्हाइस, कानशी, करवती, रंधा, ड्रिल, डाक लावण्याची सामग्री, मल्टिमीटर आणि दोन शिवणयंत्रे एवढ्यावर पुष्कळ काम होते. खोली वाचनकक्षापासून दूर असावी, कारण ठोकाठोक आणि भुसा वाचकांना सोसवत नाही. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. डोळ्यांचे चष्मे खिळ्याला टांगलेले असावेत. ते घातल्याशिवाय ड्रिलला हात नाही.

खरी अडचण माणसाची आहे. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या आपल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे अनुदान मिळते, आणि त्यातून सेवकांच्या पदरी काय पडते ते आपण जाणतोच. अशा ग्रंथपालाच्या गळ्यात ही दुसरी खोली बांधणे हा अन्याय होईल. तिच्यासाठी वेगळा, मानधन घेणारा शिक्षक हवा. निवृत्त टर्नर, सुतार, शिलाई शिकविणाऱ्या बाई गावोगाव आहेत. त्यांना सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवू नये.

आणि वेळ! दहा ते पाच ही कचेरीची वेळ येथे कामाची नाही. पहिली पाळी दुपारी तीनच्या सुमारास सुटते. माणूस घरी जाऊन, चहा घेऊन येईतो पाच वाजतात. तेव्हा खोली संध्याकाळी पाच ते नऊ उघडी ठेवावी, रविवारी दिवसभर, आणि साप्ताहिक सुट्टी सोमवारी घ्यावी.